झाकण उघडू नये

तुम्ही कधी दुसऱ्याचं गुपित पोटात घेऊन बारा वर्षं एका जागी उभे राहिला आहात का?

मी राहिलो आहे. मी टिपाड बोलतोय. पुस्तकात मला पिंप म्हणतात, कारखान्यात बॅरल म्हणतात, पण आमच्या हर्सूलच्या गल्लीत लहानथोर सगळे टिपाडच म्हणतात. दोनशे लिटरचं पोट, वर गोल तोंड आणि तोंडावर पत्र्याचं झाकण. माणसाला एखादी गोष्ट सोसेनाशी झाली की तो कुणाजवळ तरी बोलून मोकळा होतो. माझ्याजवळ मोकळं होण्याचा एकच मार्ग होता. ऊन चढलं की माझा पत्रा ताणायचा आणि टक् टक् वाजायचा. घरातली माणसं म्हणायची, "टिपाड तापलं वाटतं." तापलं नव्हतं हो. बोलत होतं.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट सांगता येणार नाही. पहिली आठवण आहे ती शेंगदाण्याच्या तेलाची. पोटभर तेल घेऊन मी चितेगावच्या एका फरसाणाच्या कारखान्यात आलो. तेल संपलं, तसा मला मागच्या आवारात आडवा टाकला. तिथं दोन उन्हाळे लोळत होतो. वारा आला की इकडून तिकडे, तिकडून इकडे. स्वस्थ बसणं माझ्या नशिबात तेव्हापासूनच नव्हतं.

तिथून मला अतुलनं उचललं. तो शेजारच्या कारखान्यात वेल्डर. त्यानं माझ्या अंगावर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, कान लावला आणि म्हणाला, "पत्रा दमदार हाय." टेम्पोत घालताना मी गेटच्या खांबाला आपटलो. कुशीला एक खोलगट पोचा पडला, तो अजून आहे. पुढं याच पोच्यानं घात केला, पण ते नंतर सांगतो.

अतुलनं नुकतंच हर्सूलला घर बांधलं होतं. दोन खोल्या, पुढं अंगण, बैठकीत बाबासाहेबांचा फोटो. घरात त्याची आई केसरबाई, बायको सरिता आणि दहा वर्षांची करुणा. केसरबाईंचे मालक, म्हणजे अतुलचे वडील, घर पुरं व्हायच्या आधीच गेले होते. सरितानं मला सोडा लावून, राखेनं घासून तीनदा धुतलं आणि नळाशेजारी उभं केलं. आमच्याकडं नळ सहा दिवसांनी येतो. कधी सकाळी, कधी दुपारी, त्याचं त्यालाच ठाऊक. त्यामुळे प्रत्येक घरापुढं माझ्यासारखं एक टिपाड असतंच. सोनं एक वेळ उघड्यावर ठेवतील, पण पाण्याच्या टिपाडावर झाकण हवं.

नव्या घराचं जेवण ठरलं. सकाळी बुद्धवंदना, दुपारी जेवण. अतुलच्या कारखान्यातले साहेब लोक येणार होते. आदल्या दिवशी पैठणकडच्या गावाहून अतुलची आत्या आली, मनकर्णाबाई. उंच, काटक, बोलणं खणखणीत. डोक्यावर पिशवी आणि पोटाशी धरलेलं लाल कापडाचं गाठोडं.

गाठोड्यात चान्या होत्या. मटणाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची, उन्हात वाळवायच्या आणि मग चुलीच्या वर दोरीवर टांगून आठ-दहा दिवस धूर द्यायचा. अशा चान्या पावसाळाभर टिकतात. मनकर्णाबाईंच्या भावाला, म्हणजे केसरबाईंच्या मालकांना, त्या फार आवडायच्या.

"भाऊ असता तर आधी ह्येच गाठोडं सोडलं असतं," त्या अंगणातच म्हणाल्या. "त्यो नाय, तर त्याच्या घरानं तरी खावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरितानं ते गाठोडं हातात घेतलं आणि ती घाबरली. कॉलनीत सगळ्या जातीची घरं. नवा शेजार. वर साहेब लोक येणार. धुराचा, सुक्या मांसाचा वास घरभर पसरला होता. तिच्या लहानपणी शाळेत कुणीतरी डबा हुंगून नाक मुरडलं होतं, ते तिच्या मनातून गेलेलं नव्हतं. ती वाईट नव्हती. पण तिनं आधी खिडकी लावून घेतली. मग ती मागच्या दारानं वळसा घालून आली, माझं झाकण उचललं आणि गाठोडं माझ्या पोटात ठेवलं. मी तेव्हा कोरडा होतो. "दोनच तास," ती मला म्हणाली. खरंच, मलाच म्हणाली. माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

आणि नळ आला.

नळ आला की आमच्या गल्लीत आरडाओरड सुरू होते. मुलं ओरडतात, बादल्या आपटतात, पदर खोचले जातात. "नळ आला, नळ आला!" केसरबाई पाइप घेऊन धावल्या. झाकण जरासं सरकवलं, पाइप आत खुपसला आणि नळ सोडला. आत पाहिलं नाही. कोण पाहतं? नेहमीचं टिपाड, नेहमीचा पाइप.

मी खूप वाजलो. पाण्याच्या आवाजात ऐकणार कोण!

अर्धा भरलो, तेव्हा लाल कापड वर आलं. केसरबाईंनी झाकण सरकवून पाहिलं, गाठ ओळखली आणि त्यांचा हात पाइपावर तसाच राहिला. त्यांनी गाठोडं बाहेर काढलं नाही. आवाज दिला नाही. इकडं तिकडं पाहिलं, झाकण हळूच सरळ केलं आणि निघून गेल्या. भावजयीची चूक नणंदेला सापडली तर ती मरेपर्यंत ऐकावी लागते, एवढंच त्यांच्या मनात आलं असणार.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सरिता गाठोडं काढायला आली. मागोमाग मनकर्णाबाई. सरितानं झाकण उचललं. फुगलेलं, सुटलेलं लाल कापड आणि पांढऱ्या पडलेल्या पट्ट्या पाण्यावर तरंगत होत्या.

"माझ्या हातच्या चान्या पाण्यात बुडवल्या?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "वासाची लाज वाटली व्हय गं तुला? आपल्या लोकांनी मान वर करून जगायचं म्हणून काय काय सोसलं, आन् तू ताटातलं लपवतीस?"

सरितानं सासूकडं पाहिलं; नळाला पाइप त्यांनीच लावला होता. केसरबाई खाली पाहत होत्या. लपवलं तर तिनंच होतं. बुडवलं कुणी, हे सांगायला तिचं तोंड उघडलं नाही.

मनकर्णाबाई तशाच पिशवी उचलून गेल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. त्या बारा वर्षं या घरी आल्या नाहीत.

त्या दिवसापासून केसरबाईंना एक खोड लागली. काहीही झाकलेलं दिसलं की उघडून पाहायचं. पाइप टाकायच्या आधी माझ्यात वाकून पाहायच्या, कुकर लावायच्या आधी दोनदा आत पाहायच्या, करुणाच्या दप्तरातसुद्धा पाहायच्या. घरातले हसायचे. करुणा त्यांना 'इन्स्पेक्टर आजी' म्हणायची. मी मात्र हसलो नाही. मला कारण ठाऊक होतं.

वर्षं गेली. माझ्या तळाला गंज लागला, बारीक भोक पडलं. प्लास्टिकची काळी टाकी आली आणि नळाशेजारची माझी जागा तिला मिळाली. मी बाथरूमच्या मागं गेलो. माझ्यात तुटकी फरशी टाकली, मग जुन्या चपला, मग काहीच नाही. एका मांजरीनं दोनदा पिल्लं घातली. टिपाडाच्या आयुष्यात उपेक्षा असतेच, तिची तक्रार नाही. पण रिकामं पोट जास्त वाजतं. पावसाच्या थेंबानंसुद्धा मला ते लाल कापड आठवायचं.

यंदा करुणा नर्स झाली. नाशिकला नोकरी लागली, मंगळवारी हजर व्हायचं. अतुल म्हणाला, "रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावू."

करुणा म्हणाली, "आत्याआजी येणार असंल तर जेवण. नायतर मी शनिवारीच जाते."

करुणानं लहानपणी ते गाठोडं पाहिलं होतं, मनकर्णाबाईंचं जाणं पाहिलं होतं. घर सोडताना तिला ते तसंच मागं टाकून जायचं नव्हतं.

मग अतुलला एक कल्पना सुचली. त्यानं मोबाइलवर परदेशातले लोक टिपाडात मटण धुरावर शिजवताना पाहिले होते. खाली निखारे, वर जाळी, जाळीवर मटण, झाकण बंद, आणि पाच-सहा तास नुसता मंद धूर. "हे तर आत्याच्या चुलीवरचंच हाय की," तो म्हणाला. त्यानं मला मागून काढलं. ग्राइंडरनं तळाशी हवेची भोकं पाडली, जाळी बसवली, झाकणाला छोटी नळी आणि तापमानाचा काटा लावला. मग पोटात लाकडं भरून मला रिकामंच दोन तास जाळलं. जुना रंग, गंज, सगळं जळून गेलं. मला वाटलं, आता ते गुपितही जळेल. ते काही जळलं नाही.

करुणानं फोन केला. "आत्याआजी, बाबा धुरावरचं मटण करणारेत."

पलीकडून आधी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "धुरावरचं? शहरात? काय जाळतोय ते तरी बघावं लागंल. पण जेवायचं नाय हां मी. पाचच्या गाडीनं माघारी."

रविवार उजाडला. अतुलनं सहालाच निखारे केले. लाकूड मोसंबीचं, पैठणकडच्या एका वाळलेल्या बागेतलं. त्याचा धूर गोडसर असतो. बोकडाची एक अख्खी रान, म्हणजे मागची मांडी, आणि चार कोंबड्या रात्रभर आलं-लसूण, काळं तिखट आणि मीठ लावून ठेवल्या होत्या. आठ वाजता सगळं जाळीवर चढलं. अतुलनं खडूनं माझ्या पोटावर ठळक अक्षरात लिहिलं, 'झाकण उघडू नये'.

आता आमच्या माणसांना एक सांगतो, राग मानू नका. चुलीवर मटण असलं की तुम्हाला ते हलवल्याशिवाय चैन पडत नाही. पळी घालायची, फोड दाबून पाहायची, रस्सा तळहातावर घेऊन चाखायचा. वर्षानुवर्षांची सवय ती. 'उघडू नये' असं लिहिलेलं वाचून सगळ्यांना आधी उघडावंसंच वाटलं.

झाकण पहिल्यांदा सव्वाआठला उचललं गेलं. केसरबाई. "काय नाय, बघते फक्त." मग अतुलचा धाकटा भाऊ बुद्धभूषण आला, तो शहरात रिक्षा चालवतो. त्यानं चप्पल काढायच्या आधी झाकण काढलं.

"क्या दादा, ये तो कच्चाच हाय!"

"अरे, झाक ते! धूर जातोय."

"इतना लिख्या है तो आत कायतरी खजिना असंल म्हटलं."

मग त्याची बायको, मग शेजारचे काका, मग पुन्हा केसरबाई. दर वीस मिनिटांनी केसरबाई. झाकण उघडलं की माझा धूर भसकन् बाहेर, काटा खाली. अतुल पुन्हा निखारे फुलवायचा, काटा जरा वर चढायचा की पुन्हा कुणाचा तरी हात. मला गरम व्हायचं, गार व्हायचं, पुन्हा गरम. माझा पत्रा सारखा टकटकत होता. नुसता तापमानानं नव्हे. त्या येणार होत्या.

अकराला बुद्धभूषण आणि करुणा त्यांना बसस्टँडवरून घेऊन आले. मनकर्णाबाई आता वाकल्या होत्या, हातात काठी होती. पण मान ताठ होती, आणि पोटाशी, तुम्ही ओळखलं असेल, एक छोटं गाठोडं होतं. या वेळी निळ्या कापडाचं.

सरितानं तांब्या पुढं केला. "पाणी घ्या, आत्याबाई."

"माझी बाटली हाय माझ्याजवळ."

तांब्या घेऊन सरिता तशीच आत गेली. करुणानं खुर्ची दिली. मनकर्णाबाई अंगणात बसल्या, गाठोडं मांडीवर. कुणाकडंही दिलं नाही. मग त्यांची नजर माझ्याकडं आली. झाकणावरून खाली, पोटावरच्या अक्षरांवर, आणि मग कुशीच्या पोच्यावर. तिथंच थांबली.

"ह्येच ना गं ते टिपाड?"

त्यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडं पाठ करून बसल्या.

एक वाजला. मटण व्हायला हवं होतं. झालं नव्हतं. अतुलनं सुरी टोचली तर आतून रक्त आलं. पोरं भाकरीचे कोरडे तुकडे खाऊन अंगणात पळत होती. बुद्धभूषण पोट चोळत म्हणाला, "दादा, काढ अन् कुकरला लाव. तीन शिट्ट्यांत काम तमाम."

अतुलचा चेहरा उतरला होता. त्यानं आत्याच्या पाठीकडं पाहिलं. "लावतो," तो म्हणाला, आणि चिमटा घेऊन माझं झाकण उचलायला आला.

"थांब."

मनकर्णाबाई उठल्या. काठी टेकत माझ्याजवळ आल्या, झाकणाच्या फटीतून निसटणारा धूर त्यांनी नाकानं ओढून घेतला. डोळे मिटले. क्षणभर त्या अंगणात नव्हत्याच.

"लाकूड चांगलं आणलंस," त्या म्हणाल्या. "मोसंबी. पण आल्यापासनं बघतेय मी. कोण उघडतंय ह्ये सारखं सारखं? धूर काय पाव्हणा हाय, आला की हाकलायचा?"

"पाठ फिरवून बघत होतात व्हय, आत्या?" बुद्धभूषण म्हणाला.

"मला नाकानं दिसतंय. तू गप बस. सरिता! कणीक भिजवून आण. घट्ट."

बारा वर्षांत त्यांनी तिचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. सरिता धावतच आत गेली आणि कणकेचा गोळा घेऊन आली. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि झाकणाच्या कडेनं कणीक थापत गेल्या. मनकर्णाबाईंची सुरकुतलेली बोटं आणि सरिताची बोटं दोन्हीकडून पुढं येत होती. वर फक्त नळी मोकळी ठेवली. अतुलनं खाली ताजे निखारे सारले. धूर पोटात कोंडला, काटा चढू लागला. तुम्हाला काय सांगू, मला सुख वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. असं कोंडून घ्यायची मला सवय होती, आणि ती सवय चांगली नव्हती.

मनकर्णाबाईंनी खुर्ची माझ्याशेजारी ओढली, काठी झाकणावर आडवी ठेवली. "आता हात लावंल त्याची बोटं मोडीन."

अर्धा तास कुणी फिरकलं नाही. मग केसरबाई आल्या. पदरानं घाम पुसत, इकडं तिकडं पाहत. हात झाकणाकडं गेला.

"वयनी, हात नका लावू."

"बघते फक्त."

"आत काय हाय ते म्हाईत हाय ना? मंग कशाला बघायचं?"

"बघते गं. एकदाच."

"म्या आल्यापासनं सारखं बघताय तुम्ही! काय येडं लागलंय का? कशापायी बघता?"

केसरबाईंचा हात झाकणावर तसाच राहिला. कणीक त्यांच्या बोटाला लागली. आणि त्या एकदम म्हणाल्या, "तव्हा बघितलं नाय म्हणून."

अंगणात भाकरी थापायचा आवाज थांबला.

"काय?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"तव्हा बघितलं नाय म्हणून बघते. दर खेपेला बघते. नळ आला अन् म्या पाइप टाकला. न बघता. गाठोडं वर आलं तव्हा दिसलं मला. म्या झाकण लावलं. सरितानं बुडवलं नाय, मनकर्णा. म्या बुडवलं."

माझ्या पत्र्यानं एकच मोठा टक् केला. करुणा दचकली.

मनकर्णाबाई सरिताकडं वळल्या. "अन् तू? तू कामून नाय बोललीस गं?"

सरिताच्या हाताला कणीक होती, ती ती चोळून काढत राहिली. "लपवलं तर मीच होतं ना, आत्याबाई."

"व्हय. लपवलं तर तूच." तेवढ्यापुरतं त्यांनी तिला सोडलं नाही. "पण बारा वर्षं म्या गावात बसून तुला शिव्या घातल्या. बुडवलं म्हणून. ते तरी सांगायचं."

"सांगून आईंचं नाव घ्यायचं का?"

मनकर्णाबाईंनी भावजयीकडं पाहिलं. केसरबाई रडत होत्या, आवाज न करता, नाक पदराला पुसत.

"लई खोट्या तुम्ही, वयनी."

"व्हय," केसरबाई म्हणाल्या.

"एवढंसं होतं. तव्हाच सांगितलं असतं तर म्या चार दिस तोंड वाजवलं असतं अन् गप बसले असते."

"तुझे चार दिस मला ठावं हायेत," केसरबाई रडता रडता म्हणाल्या. "चार वरसं वाजवलं असतंस."

बुद्धभूषणला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घालवलं. मनकर्णाबाईंच्या ओठाची एक कड हलली. ते हसू होतं की नाही, मला इतक्या जवळूनही सांगता आलं नाही.

"इथली कणीक सुटली," त्या म्हणाल्या. "तुम्ही हात लावला तिथली. आण गं थोडी."

चार वाजता त्यांनी स्वतः काठीच्या टोकानं भाजलेली कणीक फोडली आणि अतुलला खूण केली. झाकण उचललं. रान बाहेरून काळीभोर, तांबूस चकाकती झाली होती, हाडापासून सुटत होती. धूर सगळ्या अंगणात पसरला, भिंतीवरून शेजारी गेला, गल्लीत गेला. सरितानं एकदा भिंतीकडं पाहिलं. मग पाहायचं सोडून दिलं.

पहिला तुकडा मनकर्णाबाईंच्या ताटात पडला. सगळे उभेच होते. त्यांनी तो हुंगला, तोडला, सावकाश चावला.

"मीठ कमी हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला.

मग बसले सगळे. भाकरी, कांदा, ठेचा आणि धुरावरचं मटण. बुद्धभूषण म्हणाला की पुढच्या वेळी टिपाडावर लिहायची गरज नाही, आत्यालाच बसवू. जेवता जेवता मनकर्णाबाईंना ठसका लागला. सरितानं तांब्या पुढं केला. या वेळी त्यांनी बाटलीकडं पाहिलंही नाही. घटाघटा पाणी प्यायल्या. पाचची गाडी केव्हाच गेली होती.

हात धुतल्यावर त्यांनी निळं गाठोडं सरिताच्या हातात दिलं. "चान्या हायेत. अर्ध्या करुणाला बांधून दे. बाकीच्या कुठं ठेवतीस?"

सरितानं दोरी आणली, अंगणात दर्शनी भागात, जिथून गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी, दोन खिळ्यांमध्ये बांधली आणि एकेक पट्टी तिच्यावर टांगली. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "काय वाळवताय ओ?"

"चान्या," सरिता म्हणाली. "आमच्या आत्याबाईंनी केल्यात."

काकू "हो का" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांना काय वाटलं ते मला ठाऊक नाही. सरितानं मात्र दोरी आणखी घट्ट ओढली.

आता मी अंगणाच्या कोपऱ्यात उभा आहे. पोटात राख आहे, कडेला करपलेली कणीक आहे, खडूची अक्षरं धुरानं पुसट झाली आहेत. पुढच्या दिवाळीत पुन्हा पेटवणार म्हणतात. पेटवतील किंवा विसरतील, दोन्ही सोसायची ताकद पत्र्यात आहे. पण माझं एक मागणं आहे. मटणावर झाकण ठेवा, चांगलं घट्ट ठेवा. पण स्वतःची चूक माझ्यासारख्या मुक्याच्या पोटात टाकून वर झाकण लावू नका. आम्हाला ती खाली ठेवता येत नाही, आणि तुमचाही हात पुन्हा पुन्हा झाकणाकडं जात राहतो.

रात्री गार होताना मी खूप वेळ टकटकत होतो. मग कधी थांबलो ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला नळ आला. मनकर्णाबाईंनी काळ्या टाकीत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "काय नाय आत. सोडा, वयनी." केसरबाईंनी न बघता नळ सोडला.